कुंडीची दृष्ट

कुंडीतल्या झाडाची दृष्ट काढणारी बाई अख्ख्या जालन्यात मी एकटीच असेन. हसा खुशाल. तेव्हा मी पंचावन्नची होते, म्हणजे अक्कल यायचं वय अजून झालं नव्हतं.

झाड ब्रोमेलियाडचं. अननसाच्या घराण्यातलं, पानांच्या मधोमध वाटी, तिच्यात पाणी साठतं. लेकीनं पुण्याहून आणलेलं. त्याला लाल तुरा आला आणि शेजारच्या वैनींच्या खेपा वाढल्या. यायच्या, वाकून वाटीत नाक घालायच्या आणि म्हणायच्या, "आधी वास घ्यावा. झाड खोटं बोलत न्हाई."

म्हणजे बाकीचे बोलतात! नर्सरीवाला, दूधवाला, बोअरचं पाणी, कशावरच त्यांचा भरवसा नव्हता. माझा त्यांच्यावर नव्हता.

एका दुपारी खिडकीतून पाहिलं, तर वैनी बाटलीतलं काहीतरी वाटीत ओतून राह्यलेल्या. पुढं तुरा विटला, पानांची टोकं तपकिरी झाली. झालं, मला पुरावा मिळाला! मीठ-मोहऱ्या झाडावरून ओवाळल्या. दृष्टीचं मीठ चुलीत टाकायचं असतं, माझ्याकडं गॅस. मग मूठ त्या वाटीतच रिकामी केली, थोडी मातीत.

मधली पानं कुजली. मातीत मोहरी मात्र झकास उगवली.

वैनींनी वास घेतला. बोट बुडवून जिभेला लावलं. "मीठ? ताई, लोणचं घालून राह्यल्या का?"

मग त्यांना मोहरीचे कोंब दिसले. मीठ आणि मोहरी, त्यांनी लगेच ओळखलं. दृष्ट कुणाची, हे विचारायची गरजच नव्हती. रोज वाकून बघणारं दुसरं होतं कोण? त्या तडक घरी गेल्या. संपलं आमचं, असं मी धरूनच चालले.

त्या परत आल्या, तीच बाटली घेऊन.

"एसीचं पाणी हाय हे. बोअरच्या पाण्यानं पानावर पांढरं चढतं."

कुंडी उलटी करून त्यांनी वाटी धुतली, खारट माती फेकली, काथ्याच्या भुशात कोळशाचे तुकडे मिसळले. "फुलल्यावर ह्या झाडाची आई जातेच, पिल्लं मागं ठेवून. तुमच्या मिठानं जल्दी नेली, एवढंच."

बुडाशी दोन पिल्लं निघाली, वीतवीतभर, धडधाकट. मी त्यांच्या हाताकडंच बघत होते. संशय असा सुटतो का! आणि खरंच, एक पिल्लू त्यांनी पदरात घेतलं.

"ते कुठं नेता?" मी विचारलंच.

वैनी जाऊन आता बरीच वर्षं झाली. वाटीचा वास घ्यायला मीच वाकते. पण त्यांचं तेव्हाचं उत्तर मला शब्द न् शब्द पाठ आहे:

"एक तुमच्यापाशी, एक माझ्यापाशी. एकीचं मेलं तर दुसरीच्या दारात मागायला यावंच लागंल. मंग कितीबी भांडलो, तरी बोलणं बंद व्हायचं न्हाई."