बाहेर उघडणारं दार

राजापेठेतल्या आमच्या घराचं लहानमोठं सगळं बांधकाम एकच मिस्त्री करतो, आणि इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून मी ‘नाही’ ऐकलं नव्हतं. काहीही विचारा, कानावरची पेन्सिल चाचपत तो म्हणणार, “होते न भाऊ, काहून नाही होत?” खरं सांगायचं तर त्याच्या या होकाराची मला धास्तीच वाटायची.

आईला आता जिना चढवत नाही, म्हणून खालच्या गाडीच्या शेडची तिच्यासाठी खोली करायची ठरवली, आतच संडास-बाथरूम घेऊन. आई मात्र हटून बसली होती. “जिथं झोपाचं तिथंच संडास? मी नाई येत.”

मिस्त्री कागदावर नकाशा काढत नाही. त्यानं खडूनं कोब्यावरच संडासाच्या भिंती आखल्या. मी म्हणालो, “दार आत उघडू दे, खोलीत जागा राहील.”

“नाही,” तो म्हणाला.

मी बघतच राहिलो. तो त्या चौकोनात शिरला आणि चक्क जमिनीवर आडवा झाला. दाराची जागा त्याच्या पायांनीच अडली.

“लोटा आता दार. माय इथं पडली, तं दार तिच्याच अंगाले अडते. मंग तिले बाहेर काढसान कसं?”

कडेला खुर्चीत बसून ऐकणारी आई उठली, हळूहळू चौकोनापाशी आली आणि खडूच्या मागच्या रेघेवर तिनं काठी टेकवली.

“अन् इथं खिडकी होते का रे?”

“होते न माय,” तो पडल्या पडल्याच म्हणाला, “काहून नाही होत?”