नंतरचा फोटो

त्वचेच्या दवाखान्यात तिला सगळे फोटोबाई म्हणत. दवाखाना म्हटलेलं तिथल्या डॉक्टरांना मात्र खपायचं नाही. पाटीवर 'क्लिनिक' होतं आणि आत सोफे होते. आजारी माणूस तिथे चुकूनही फिरकत नसे. यायची ती चांगली धडधाकट माणसं, आपल्याच तोंडाशी भांडण घेऊन. कुणाला कपाळावरची आठी नको, म्हणून बोटॉक्सची सुई. कुणाला देवानं दिलेले ओठ कमी पडले, म्हणून ते फुगवायला फिलर. कुणी स्वतःच्याच दंडातलं रक्त काढवून तेच पुन्हा टकलावर टोचून घेई. चांगलं चालतं कपाळ बंद पाडून घ्यायला लोक ताटकळत बसतात, याचं फोटोबाईला फार हसू यायचं. ती ते मास्कमागे उरकून घ्यायची.

तिचं काम 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो काढणं. त्याची रीत ठरलेली होती. 'आधी'साठी गिऱ्हाईक ट्यूबलाइटखाली उभं करायचं, अगदी जवळून घ्यायचं आणि हसू द्यायचं नाही. 'नंतर'साठी खिडकीकडे तोंड, कॅमेरा जरा मागे, हनुवटी किंचित वर, कातडी ताणलेली. निम्मे डाग तेवढ्यानंच जायचे. उरलेल्या निम्म्यांचं श्रेय लेझरला. "मशीन तुमचं, कमाल माझी," असं ती डॉक्टरांना तोंडावर सांगायची आणि ते हसण्यावारी न्यायचे, कारण बाई खोटं बोलत नव्हती. गिऱ्हाइकं फोटो पाहून हुरळून जायची. एवढी शिकलेली माणसं, पण घरच्या आरशाला विचारायची कुणाची तयारी नसे.

तिचा नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा आणि आरशात दाढीपुरतं बघायचा. त्याच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, एक तीळ होता. त्याची कड वेडीवाकडी वाटली म्हणून तिनंच त्याला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. आपल्या डॉक्टरांना दाखवावं असं तिच्या मनातही आलं नाही, यावरून काय ते समजा. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी भिंगाच्या यंत्रातून तीळ पाहिला.

"आत्ता काही वाईट दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण वाढतोय का, यावर लक्ष ठेवायचं. दर महिन्याला फोटो काढून माझ्या मोबाइलवर पाठवा. जरा जरी बदलला तरी लगेच कापू."

"उंटावरून शेळ्या हाकणार आता," बाहेर आल्यावर नवरा म्हणाला.

"अहो, फोटो मी काढणार आहे ना?" ती म्हणाली. "मग काळजी कसली?"

पहिला फोटो तिनं स्वयंपाकघरात काढला, ट्यूबखाली, जवळून. पुढच्या महिन्यात तो पाठ करून उभा राहिला आणि तिच्या मनात आलं, वाढला असला तर? तिनं त्याला खिडकीशी नेलं.

"हात वर करा. अजून थोडे."

पाठीची कातडी ताणली गेली. ती जरा मागे सरकली. फोटो झकास आला, तीळ फिकट आणि आटोपशीर. तिला इतकं हायसं वाटलं की तिनं लगेच चहा ठेवला. 'बदल दिसत नाही,' असं डॉक्टरीणबाईंचं उत्तर आलं. पुढचे सगळे फोटो तसेच निघाले. कुणाला फसवायचं तिच्या मनात नव्हतं. पण हात सरावलेले होते, आणि त्यांना अडवायची तिची छाती नव्हती. पाठीकडे ती बघायचीच नाही, बघायची फक्त फोटोकडे. लोकांना हसणारी हीच ती बाई.

मग नणंद चार दिवस राहायला आली. गालभर वांग घेऊन बिनधास्त हिंडणारी ही नणंद पाहिली की फोटोबाई नाक मुरडायची. भावाची पाठ धरली म्हणून नणंद मलम चोळायला बसली आणि तिचा हात थांबला.

"वहिनी, हा तीळ एवढा कधी झाला गं?"

"तेवढाच आहे तो. फोटो आहेत माझ्याकडे."

नणंदेनं मोबाइलकडे पाहिलं, मग पाठीकडे. "फोटो राहू दे. इकडे बघ."

फोटोबाईनं पाहिलं. तीळ काळानिळा होऊन एका बाजूला पसरला होता आणि नणंदेच्या बोटावर मलमाबरोबर रक्त आलं होतं.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई बराच वेळ पाठ आणि मोबाइल आळीपाळीनं बघत राहिल्या. "फोटो कुणी काढले?"

"मी."

"छान काढता," त्या म्हणाल्या. त्यात कौतुक नव्हतं. "आधी कळलं असतं तर नुसता तीळ काढून भागलं असतं. आता किती खोल गेलंय, ते कापून तपासल्यावरच कळेल."

ऑपरेशनच्या आधी तिथल्या फोटो काढणाऱ्या माणसानं नवऱ्याला स्टुलावर पाठमोरं बसवलं आणि तिळाशेजारी कागदी मोजपट्टी चिकटवली. नवऱ्यानं सवयीनं हात वर केले.

"हात खाली घ्या, काका. जसा आहे तसाच हवा."

वर ट्यूबलाइट होती. फोटो जवळून घेतला गेला आणि समोरच्या पडद्यावर आला. असला 'आधी' फोटोबाईनं आयुष्यात काढला नव्हता.

"अगं, कसा आलाय?" नवऱ्यानं मान न वळवता विचारलं. तिनं 'छान' म्हणावं, एवढीच त्याची अपेक्षा होती.

तिची नजर खिडकी शोधायला लागली. त्या खोलीला खिडकी नव्हती.

"वाईट आलाय," ती म्हणाली, आणि पडद्याकडे पाठ करून त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली.