एकाच मापाची जोडी

वाद पेटला की काका टेबलाच्या काचेवर अंगठीने टकटक करायचे आणि म्हणायचे, "जुळंल. येळ द्या." समोर मानपानावरून अडून बसलेला वरपिता असो, नाहीतर पत्रकं घेऊन आलेली मी.

हडपसरच्या मंडईमागे, पहिल्या मजल्यावर त्यांचं वधूवर सूचक केंद्र होतं. तुमच्याही ओळखीत असे एक काका असतील. आमच्या महिला संघटनेने त्यांच्या दाराशी पत्रकं वाटायचं ठरवलं. मजकूर माझाच होता: 'मुलगी म्हणजे माल नव्हे.' त्यांनी एक पत्रक घेतलं, उभ्याउभ्या पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. पण उन्हात उभं राहून कशाला विरोध करता, ताई? आत या, पंखा हाय."

पुढचा सगळा विरोध मी पंख्याखाली बसून केला.

बघण्याच्या कार्यक्रमात मुलामुलीला एकमेकांकडे बघायची चोरी. निदान दोघांनी एका दिशेला तरी बघावं म्हणून त्यांनी ऑफिसात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी बसवली होती. आत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउनफिश. दुकानदाराने बजावलं होतं, एक मोठा घ्या, एक लहान. यांच्यात मोठी ती मादी होते, लहान तो नर राहतो, आणि लहान्याने नमतं घेतलं की भांडण मिटतं. काकांना हे पटेना. "नवऱ्यापरीस बायको मोठी? असलं स्थळ मी जन्मात कुणाला दाखवलं न्हाई." उंची, शिक्षण, जमीन, सगळं तोलून जुळवणारा माणूस तो. त्यांनी मुद्दाम एकाच मापाचे दोन मासे निवडले.

दोघेही नमेनात. तोंडाला तोंड लावून ढकलाढकली, शेपटीचे लचके. एकदा मुलीची आई चहाचा कप हातात तसाच धरून टाकीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, हे असलं समोर ठेवून स्थळं दाखवता?" त्या दिवसापासून पाहुणे आले की टाकीवर टॉवेल पडायचा.

आठवडाभरात एक मासा पार हरला. शेपटी फाटलेली, खाणं सोडलेलं, वरच्या कोपऱ्यात तिरका तरंगायचा. काकांनी भोकाभोकांचा पारदर्शक डबा आणला आणि त्याला त्यात ठेवला. एकमेकांना दिसावेत, लागू नयेत.

मी म्हटलं, "मारणारा मोकळा आणि मार खाणारा कोंडलेला. वा, काका. टाकीतही तुमचंच केंद्र चालू आहे."

दुसऱ्या दिवशी मी गेले तर मारकुटा डब्यात होता आणि फाटक्या शेपटीचा बाहेर फिरत होता. दगडही सगळे हलवले होते. "जुनी जागा दिसली की त्याला पुन्हा मालकी आठवंल," काका म्हणाले. "दुकानदार बी तुमच्यासारखंच बोलला. तुमी काय माशांची बी पत्रकं काढता का?"

फाटका थोडं थोडं खाऊ लागला. काकांनी मारकुट्याला सोडलं. संध्याकाळपर्यंत फाटक्याचा कल्ल्यामागचा पंख निम्मा गेलेला.

"एकाला परत करा," मी म्हटलं. "मरेल तो."

"मी जुळवलेलं मी मोडत न्हाई."

"मग मेलेलं जुळवलं म्हणा."

त्यांनी अंगठीचा हात टेबलावर नेला, पण टकटक केली नाही. बराच वेळ टाकीसमोर खुर्ची ओढून बसले. एक स्थळ यायचं होतं, त्यांना फोन करून नंतर या म्हणाले. माझ्या देखत असं पहिल्यांदाच झालं. मग उठून जाळी घेतली आणि मारकुट्याला पाण्याच्या पिशवीत घेतलं.

बसमध्ये ते ती पाण्याची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे होते. मी शेजारी. कुणीतरी उठून जागा दिली, तर बसल्यावर पिशवी मांडीवर घेतली. दुकानात दुकानदाराने विचारलं, "काय झालं?" काका म्हणाले, "माझं माप चुकलं. ह्याला एकटा ठेवा. अन् मला एक बारका द्या."

आधी काही दिवस डब्यात ठेवलेला बारका बाहेर आला तो मोठ्यासमोर, म्हणजे आता फाटक्यासमोर, आडवा होऊन थरथरला. मोठ्याने एकदा ढोसलं आणि सोडून दिलं. नमतं घेण्याची ही पद्धत मला अजिबात आवडली नाही, पण कुणी मेलं नाही हेही खरं. काकांनी टॉवेल घडी करून कपाटात टाकला.

मी लगेच गाठलं. "आता मुलगी वयाने मोठी असलेलं स्थळही दाखवा. माशांना मुभा, माणसांना नाही?"

"माशांना नातेवाईक नसतात, ताई."

ते बदलले वगैरे काही नाही. पत्रिका बघत राहिले, मुलगी तीन वर्षांनी लहानच मागत राहिले. मी पत्रकं वाटत राहिले, पाणी त्यांच्याकडेच पीत राहिले.

यंदा उन्हाळ्यात ते गेले. भेटायला येणाऱ्यांना घरात जागा पुरेना, म्हणून मुलाने ऑफिस उघडलं होतं. माणसं भिंतीला टेकून गप्प बसली होती आणि बघायला दुसरं काही नसल्याने टाकीकडे बघत होती. माझ्या शेजारी एक वयस्कर बाई होत्या. त्यांचं लग्न काकांच्या वडिलांनी जुळवलेलं होतं, हे त्यांनीच सांगितलं.

मग पदराआडून हळूच विचारलं, "यातला नवरा कुठला गं?"

"तो बारका."

"अगं बाई. आणि चालतं त्यांचं?"

"चालतं," मी म्हटलं.

बाई पुढे सरकून बसल्या आणि पुन्हा नीट बघू लागल्या.