आप्पा आणि नवा गजराज

आमचे आप्पा एकदा गाडी बघायला म्हणून शोरूममध्ये गेले आणि दुपार कलली तरी गाडीतून उतरले नाहीत. गाडी आवडली म्हणून नव्हे. उतरता येत नव्हतं म्हणून. आणि उतरता का येत नव्हतं, त्याला सर्वस्वी मी जबाबदार होतो, असं आमच्या घरातल्या सगळ्यांचं मत आहे. (मत कसलं, ठरावच आहे! माझ्या गैरहजेरीत एकमतानं मंजूर झालेला.)

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. शिवाजी पेठेत आमचं पशुखाद्याचं दुकान आहे, सरकी पेंड, भुसा वगैरे. दुकान आप्पांचं, शब्द आप्पांचा, आणि घरात पंखा किती जोरात फिरावा हा निर्णयही आप्पांचाच. दुकानातलं भरलेलं पोतं आणि आप्पा शेजारी शेजारी उभे केले, तर पोतं जरा सडपातळ वाटायचं. त्यांना आयुष्यात दोनच गोष्टींचा तिटकारा : उधारी आणि कुणी हसणं.

मी त्या घरातला शिकलेला. पेठेत मला 'गाड्यांतला माणूस' म्हणत. म्हणजे मीच म्हणत असे. दर महिन्याला गाड्यांचं मासिक आणायचं, चकचकीत चित्रं बघायची आणि दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला पेंड बांधता बांधता टर्बो म्हणजे काय ते समजावून सांगायचं. म्हशीची चौकशी करायला आलेली माणसं माना डोलवून निघून जायची. ते कंटाळतात हे मला वाटायचं नाही, त्यांची झेप कमी पडते असं वाटायचं! (मला गाडी चालवता येत नव्हती. पण क्रिकेटवर तावातावानं बोलणारे तरी कुठं मैदानात उतरलेले असतात?)

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. घरात माणसं वाढली, स्कूटरवर मावेनात, तेव्हा आप्पांनी जाहीर केलं, "मोठी गाडी घ्यायची. सगळी एका खेपंला मावली पायजेत." मोठी गाडी म्हणजे गजराज, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. भांडण होतं ते कुठला गजराज यावर.

पहिला गजराज आला तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. गाडी कसली, चाकं लावलेली तिजोरी! मागं समोरासमोर दोन बाकडी, चढायला मागनं दार. मग दुसरं मॉडेल आलं. त्यात कंपनीनं पुढं चकाकणारी जाळी बसवली आणि किंमत वाढवली, बाकी तोच जुना नवरदेव नव्या फेट्यात. आणि आता आला होता नवा गजराज! पॉवर स्टिअरिंग, मागंपर्यंत एसी, आणि तिसऱ्या रांगेतली सीटसुद्धा पुढं तोंड करून. मधली सीट एका खटक्यानं पुढं दुमडायची आणि मागं जायचं. मासिकातली चित्रं बघून मला तो खटका पाठ झाला होता.

आप्पांना मात्र जुनाच हवा होता. त्यासाठी आदल्या रविवारी गारगोटीला जाऊन एक पहिल्या मॉडेलचा गजराज बघूनही झाला होता. एजंट बॉनेटवर हात फिरवत म्हणाला, "डॉक्टरांची गाडी हाय. रविवारी देवाला जायला फकस्त काढत्यात." महाराष्ट्रातल्या सगळ्या जुन्या गाड्या डॉक्टरांनीच वापरलेल्या असतात, आणि ते सगळे डॉक्टर फक्त रविवारी देवाला जातात. मग बाकीचे सहा दिवस पेशंटकडं ते चालत जात असणार!

आप्पांनी दारावर मूठ आपटली. धप्प! "पत्रा बघ पत्रा! म्हस धडकली तर म्हस परत जाईल."

"आप्पा, समोरासमोर बसायचं म्हणजे गुडघ्याला गुडघे लागतात. बाहेरच्या देशात असलं कुणी वापरत नाही."

"बाहेरच्या देशात तू कवा गेलतास?"

काकी म्हणाल्या, "मला आपली ही बरी वाटती. बसल्या बसल्या बोलता येतंय की एकमेकांशी." माझी बायको वंदना मागच्या बाकड्यावर बसून सगळ्यांना शेंगा वाटत होती. म्हणजे मतदान झालंच होतं. असल्या अडाणी बहुमताची मला मनापासून कीव आली आणि मी हट्टच धरला : "एकदा नवी बघा. नुसती आत बसून बघा. मग बोला."

म्हणून सोमवारी सकाळी मी, वंदना आणि आप्पा शोरूममध्ये. काकी येता येता राहिल्या. "तुम्ही बघून या, मी देवाला जाऊन येतो," म्हणाल्या. (आमच्याकडं बायकाही 'येतो'च म्हणतात.)

शोरूममध्ये टाय लावलेला एक सेल्समन पळत आला. "सर, मी दाखवू?"

"काही गरज नाही," मी म्हणालो, "माहितीय मला सगळं." मी खटक्याशी खटपट केली, कसा कोण जाणे तो फिरला आणि मधली सीट ऐटीत पुढं दुमडली. आप्पा साशंक नजरेनं बघत होते.

"शेखर, हितनं मी जाईन व्हय रं?"

"आरामात!"

आरामात नाही, पण गेले. आधी डोकं, मग पोट, मग बराच वेळ काहीच नाही, मग धोतर, मग मी आणि सेल्समननं मिळून दिलेला एक रेटा. मी मधली सीट जागेवर ढकलून दिली, कडाक्! आवाज आला. आप्पा तिसऱ्या रांगेत दोन माणसांच्या जागेवर बसले होते आणि चक्क खूश दिसत होते. सेल्समननं इंजिन चालू केलं, तसा वरनं एसीचा वारा यायला लागला.

"थंड लागतंय की रं!"

मी वंदनाकडं विजयी मुद्रेनं बघितलं. ती म्हणाली, "आता भाईर काढा त्यास्नी."

मी खटका धरला आणि ओढला. मासिकातल्या चित्रात तो ओढलेलाच दिसत होता! हलेना. मी दोन्ही हातांनी ओढला. खटका आला. पूर्ण आला. माझ्या हातात.

सेल्समनचा चेहरा त्याच्या पांढऱ्या शर्टासारखा झाला. "सर... तो ओढायचा नसतो. फिरवायचा असतो."

"मग आधी सांगायचं!" मी ओरडलो.

"सर, तुम्ही म्हणालात माहितीय."

त्यानंतर शोरूममधले सगळे आळीपाळीनं येऊन त्या सीटशी झटले. एकानं मोठ्या पेचकसानं खुपसून बघितलं. दुसऱ्यानं लाथ घातली आणि मालकाला बघून नमस्कार केल्यासारखं केलं. सीट ढिम्म. शेवटी सेल्समन अदबीनं आत वाकून म्हणाला, "काका, एक मार्ग आहे. मागच्या सीटची पाठ आडवी करतो. तुम्ही डिकीतनं उतरा."

आप्पांचे डोळे मोठे झाले. "डिकीतनं? मी काय पेंडीचं पोतं हाय व्हय रं, मागनं उतरवून घ्यायला? बसलोय मानानं, उतरणार बी मानानं! खटका करा नीट."

आणि मांडी घालून बसले. आता शोरूममध्ये गिऱ्हाइकं यायला लागली होती. गाडी मधोमध उभी, त्यामुळं प्रत्येकजण आत डोकावायचा आणि आप्पा काचेतनं हाक मारायचे, "ओ पावणं! घेऊ नका! आत जायला येतंय, भाईर यायला येत न्हाय! सकाळधरनं बसलोय!"

एक नवरा-बायको आल्या पावली परत गेले. दुसरे एकजण सह्या करायला बसले होते, त्यांनी पेन खिशात घातलं. मालक माझ्याजवळ आले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमच्या काकांना गाडीसकट न्या. उचगावला आमचं वर्कशॉप आहे. तिथं खालनं बोल्ट काढून सीटच उतरवतील. पण हितनं न्या!"

अशा रीतीनं, एक पैसाही न देता, आम्ही नव्या गजराजमधून निघालो. सेल्समन चालवत होता, मी पुढं, वंदना मधे, आप्पा मागं. रस्त्यात सिग्नल लागला आणि शेजारी स्कूटरवर नेमका बाबूराव येऊन थांबला. बाबूरावाची पेठेत पानटपरी आहे. त्याच्या कानावर जे पडतं ते संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेचं होतं.

"आप्पाऽ! नवी गाडी घेटलासा काय?"

मला वाटलं, आप्पा सांगतील अडकलोय म्हणून. पण माणूस हसेल या भीतीपुढं खरं बोलणं आमच्या घराण्याला कधी जमलं नाही. आप्पांनी टोपी सरळ केली आणि म्हणाले, "व्हय! घेटली की!"

"आप्पा!" मी मान वळवून कुजबुजलो.

"गप बस की!" आप्पा मला दबक्या आवाजात म्हणाले.

"आनि कुठं निघालासा?" बाबूरावनं विचारलं.

"उचगावला. पूजा हाय गाडीची."

सिग्नल सुटला. वंदना माझ्याकडं बघून म्हणाली, "आता पूजा कोण करणार?" मी खटका खिशात घट्ट धरून समोर बघत राहिलो.

उचगावच्या वर्कशॉपात पोचलो तर लोडशेडिंग! गाडी वर उचलायचं यंत्र विजेवर चालणारं. मेकॅनिक जेवणाचा डबा उघडून निवांत बसले होते. एकजण भाकरी मोडत म्हणाला, "लाइट आली की काढतो. चारच्या पुढं येती. कवा कवा येत बी न्हाय."

गाडी उन्हात उभी. इंजिन बंद, म्हणून एसी बंद. थोड्या वेळानं आप्पांनी टोपी काढली. मग शर्टाची बटणं काढली. सेल्समननं बिचाऱ्यानं खिडकीतनं उसाचा रस दिला, आप्पा दोन ग्लास घटाघटा प्यायले. ती त्यांची चूक झाली. मग आतनं एक आवाज आला. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी आप्पांना कधी ऐकलं नव्हतं.

"शेखर..."

"काय आप्पा?"

"डिकी उघड."

"पण मानानं..."

"मान ऱ्हाऊ दे! लगवी आलीया! उघड लवकर!"

सेल्समननं सीटची पाठ आडवी केली, मी डिकी उघडली. आप्पा पालथे झाले आणि उलटे सरकू लागले. आधी दोन पाय, मग धोतर, मग आप्पांचा भरभक्कम मागचा भाग दारात येऊन जो टेकला, तो टेकलाच. मी एक पाय धरून ओढत होतो, सेल्समन दुसरा. आणि नेमक्या त्या क्षणी वर्कशॉपच्या फाटकातनं हलगीचा आवाज आला. बाबूराव! पाठोपाठ पेठेतले दहा-बारा जण, हातात हार, नारळ, गुलालाची पिशवी! बाबूरावकडनं गाडीची बातमी कळल्यावर आमच्या काकींनी घरी पेढे वाटले होते, तेही बरोबर घेऊन आले होते.

हलगी थांबली. सगळी मंडळी गाडीच्या मागं अर्धगोल करून उभी राहिली. समोर आप्पांची पाठ, आणि पाठीच्या खालचं सगळं.

"आप्पा," बाबूराव वाकून बघत म्हणाला, "हे काय करालायसा?"

डिकीच्या आतनं घुमल्यासारखा आवाज आला, "नमस्कार घालालोय गाडीला!"

कुणीतरी भक्तिभावानं गुलाल उधळला आणि आत आप्पांना जोराची शिंक आली. त्या शिंकेनं म्हणा किंवा कशानं म्हणा, आप्पा एकदम सुटले, जमिनीवर उभे राहिले, गर्दीतनं वाट काढत उसाच्या फडाकडं पळाले. त्या वयात आणि त्या वजनात इतका वेग! बाबूरावनं हार गाडीला घातला, नारळ फोडला. सेल्समन कोपऱ्यात उभा राहून, कंपनीची गाडी गुलालानं लाल होताना बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. (गुलालानंही असेल.)

परत येताना आम्ही तिघं रिक्षात बसलो. मी म्हणालो, "आप्पा, आता पेठेत सगळ्यांना वाटतंय आपण नवी घेतली. घेऊनच टाकूया की."

आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की रिक्षावाल्यानंही आपण होऊन ब्रेक मारला.

आठवड्यानं गारगोटीचा जुना गजराज दारात आला. पेठेतले जमले. बाबूरावनं सगळ्यांदेखत विचारलं, "आप्पा, नव्या गाडीचं काय झालं म्हणायचं?" आप्पा जुन्या गाडीच्या दारावर मूठ आपटून शांतपणे म्हणाले, "नापास केली. उगंच का दिवसभर आत बसलतो? सकाळधरनं दुपारपातुर बसून बघितली, आतनं, भाईरनं, उलटं हुऊन बघितली. दम न्हाय त्यात."

पेठ थक्क झाली! गाडी बघायला लोक पाच मिनिटं बसतात, हा माणूस दिवसभर बसला, पालथा होऊन तपासली आणि परत दिली! मी तोंड उघडलं, वंदनानं माझ्या पायावर पाय दिला.

तेव्हापासून कोल्हापुरात कुणाला मोठी गाडी घ्यायची असली, की पहिल्यांदा आमच्या दुकानात सल्ला विचारायला येतात. आप्पांचा. आप्पा लोडाला टेकून पत्रा, सीट आणि डिकी यांच्यावर बोलत असतात, लोक माना डोलवत ऐकतात. मी खुर्च्या मांडतो. परवा एक पावणं उठता उठता मला म्हणाले, "लई जाणता माणूस हाय हो. तुम्ही हितं कामाला का?"

मी "व्हय" म्हणालो आणि त्यांची खुर्ची आत नेऊन ठेवली.