हेन्डरसनच्या सिस्टर

"घाई नको. आधी नाकाला विचारा."

असं म्हणून त्या समोरच्याच्या ग्लासवर सरळ आपला तळहात ठेवायच्या. पाहुणा जर्मन असो, जपानी असो, ओठांशी नेलेला ग्लास तिथेच थांबायचा. बोलायच्या अर्थात इंग्रजीत, पण ते इंग्रजी मिरजेहून निघालेलं होतं. "नो हरी. फर्स्ट आस्क युवर नोज." लोक हसायचे, आणि मुकाट्याने वास घ्यायचे.

त्यांना सगळे सिस्टर म्हणत. मीही तेच म्हणणार आहे. सव्वीस वर्षं मिरजेच्या एका हॉस्पिटलात नर्सिंग केलेलं, त्यामुळे ते नाव अंगात मुरलं होतं. स्वेटरवर छातीशी उलटं लटकवलेलं नर्सचं घड्याळ वाईनच्या काउंटरमागेही असायचं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी ऑकलंडमध्ये पाहुण्यांची मिनीबस चालवायचो. आलो होतो पुण्याहून फार्मसिस्ट म्हणून, पण इथल्या परीक्षा पास होईपर्यंत काहीतरी करायला हवं होतं. तसे आम्ही बरेच होतो. शनिवारी सकाळी शहरातल्या हॉटेलांतून दहा-बारा पर्यटक गोळा करायचे, शहराच्या पश्चिमेला हेन्डरसनकडचे तीन द्राक्षमळे दाखवायचे, तिथे वाईन चाखवायची आणि संध्याकाळच्या आत परत सोडायचं, हे माझं काम. पहिले दोन मळे मोठे, चकचकीत. तिसरा लहान. पत्र्याची शेड, दोन लाकडी पिंपांवर टाकलेली फळी, तोच काउंटर. मालक सत्तरीचा म्हातारा. त्याचे वडील तरुणपणी डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरून इथे आले आणि त्यांनी हे वेल लावले. म्हातारा स्वतः मात्र पक्का किवी, इथल्याच मातीतला. बारा महिने गमबूट आणि कशालाही, 'चालतंय की' अशा थाटात, "स्वीट अ‍ॅज".

पहिल्या दिवशी सिस्टरांनी माझ्या शर्टावरचं नाव वाचलं आणि विचारलं, "मिरजेचा का रे?"

"नाही, पुण्याचा."

"असू दे," त्या म्हणाल्या आणि मला चहा दिला.

त्या स्वतः वाईन पीत नसत. जिभेवर थेंब ठेवायच्या आणि बाजूच्या बादलीत थुंकायच्या, एखादं औषध तपासावं तशा. मुलगा डॉक्टर, शहराच्या दुसऱ्या टोकाला बॉटनी डाउन्सला नवीन घर. नवरा गेल्यावर त्याने बोलावून घेतलं, म्हणून आल्या. चार महिने तिथे राहिल्या आणि मग हेन्डरसनच्या एका वृद्धाश्रमात नोकरी धरून जवळच खोली घेतली. "तिथे मी पाहुणी होते. सोफ्यावर बसून कंटाळा आला," एवढंच कारण त्यांनी मला सांगितलं.

मळ्यावर त्या कशा आल्या, ते मालकाने सांगितलं. त्याची बायको शेवटी त्या वृद्धाश्रमात होती. तिला पिता येत नसे, म्हणून हा रोज मळ्यातली एक बाटली न्यायचा आणि नुसता वास द्यायचा. एकदा बाटली उघडताच पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटचं ब्लडप्रेशर घेणाऱ्या सिस्टर न वळता म्हणाल्या, "ही खराब आहे." मालकाला राग आला. बायकोने वास घेतला आणि मान हलवली. सिस्टरांचं बरोबर होतं. कधीकधी बूच खराब असतं आणि वाईनला ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो. आयुष्यभर पाइप ओढून मालकाचं नाक बोथट झालं होतं, त्याला कळलं नव्हतं. बायको गेल्यावर महिन्याभराने तो टोपी हातात घेऊन सिस्टरांकडे गेला आणि शनिवार-रविवार येशील का म्हणून विचारलं.

नाक तसं त्यांना नोकरीनेच दिलं होतं. वॉर्डात शिरताच कुठल्या खाटेवरची जखम चिघळली आहे, कुणाची साखर वाढली आहे, हे त्यांना चार्ट बघण्याआधी कळायचं म्हणत. मला ते खरं वाटतं. तुम्हीही अशा जुन्या नर्सेस पाहिल्या असतील.

काउंटरवर त्या आपला स्टीलचा मसाल्याचा डबा मांडायच्या. पण सातही वाट्यांत वेगळाच ऐवज. लवंग, सुंठ, बेदाणे, पिकायला आलेल्या पेरूची फोड, हिरव्या ढोबळ्या मिरचीचा तुकडा, ओल्या फडक्याने पुसलेला पाटीचा तुकडा आणि सातव्या वाटीत त्या आठवड्याला जे सुचेल ते. पेरू नसला तर फिजोआ, पेरूच्याच वळणाचं इथलं हिरवं फळ. सुंठ-लवंग पापाटोएटोच्या भारतीय दुकानातून मीच आणून द्यायचो. पाहुण्याने आधी वाट्या हुंगायच्या, मग ग्लास, आणि ग्लासमध्ये कुठली वाटी सापडते ते सांगायचं. पांढऱ्या वाईनमध्ये खरोखरच पेरू सापडायचा. लोक लहान मुलांसारखे ओरडायचे. एक स्कॉटिश न्यायाधीश लवंग की सुंठ यावरून बायकोशी भांडला, आणि सिस्टरांनी दोघांनाही "चूक. दोन्ही आहेत," असं सुनावलं. परतीच्या वाटेवर बसमध्ये मोठ्या दोन मळ्यांचं नावही कुणी काढायचं नाही.

याशिवाय त्यांचं एक काम होतं, ते पाहुण्यांना दिसायचं नाही. दर शनिवारी सकाळी त्या मागच्या शेडमध्ये जायच्या, पिंपांची बुचं एकेक काढून वास घ्यायच्या आणि ठीक असेल त्यावर खडूने बरोबरची खूण करायच्या. मालक त्या खुणांवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा.

एका जूनमध्ये त्यांना फ्लू झाला. साधासुधा नव्हे, तीन आठवडे अंथरुणात. परत आल्या तेव्हा स्वेटर ढगळ झाला होता, बाकी तशाच. तोच तळहात, तीच वाक्यं. मला काही वेगळं वाटलं नाही.

ऑगस्टच्या अखेरीस एका शनिवारी त्यांनी बाटली उघडली, आठ ग्लास भरले आणि नेहमीसारखं पेरूचं बोलू लागल्या. मी दोन हात लांब उभा होतो. मलासुद्धा कुबट वास आला. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी एक फ्रेंच बाई फार अदबीने म्हणाल्या, "मादाम, ही बाटली बिघडलेली आहे."

सिस्टरांनी ग्लास बाजूला सरकवले. मग हसून म्हणाल्या, "व्हेरी गुड! तुम्ही पास. मी तुमची परीक्षा घेत होते." दुसरी बाटली आली. सगळे हसले. त्यांचे हात मात्र काउंटरखाली फडकं पिळत होते.

पाहुणे वेलींमध्ये फोटो काढायला गेल्यावर मी मागच्या खोलीत गेलो. त्या चहा पीत होत्या. माझ्याही कपात ओतला. मी तोंडाजवळ नेला आणि खाली ठेवला. दूध नासलं होतं. त्यांनी अर्धा कप संपवला होता.

"सिस्टर, दूध..."

त्यांनी कपाकडे पाहिलं. "गेलंय का?"

"तुम्हाला वास नाही आला?"

"नाही येत," त्या म्हणाल्या. "तापानंतर काहीच येत नाही. ना फिनेल, ना फोडणी."

मी विचारलं, वृद्धाश्रमात माहीत आहे का? तर म्हणाल्या, "तिथे पहिल्याच दिवशी मेट्रनला सांगितलं. तिथे माणसं आहेत. जखमा बघायला आता दुसरी नर्स असते माझ्याबरोबर."

"आणि इथे?"

"इथे द्राक्षं आहेत रे. वाटलं, येईल परत. आज येईल, उद्या येईल. शब्द पाठ होते, वाट्यांच्या जागा पाठ होत्या."

मी मनात मोजत होतो. जून, जुलै, ऑगस्ट. मग विचारलं, "पिंपांवरच्या खुणा?"

त्यांनी छातीवरचं घड्याळ सरळ केलं, जे सरळच होतं. मग उठल्या आणि म्हणाल्या, "चल. माझ्याबरोबर नुसता उभा राहा."

मालक शेडमध्ये नळी धुवत होता. त्यांनी त्याला तीन वाक्यांत सांगितलं. माझं नाक गेलंय. जूनपासून. मी तुझी पिंपं खोटी पास केली. त्यांनी 'खोटी' हाच शब्द वापरला. 'चुकून' म्हणता आलं असतं.

मला वाटलं, म्हातारा "स्वीट अ‍ॅज" म्हणेल. त्याने नुसता नळ बंद केला. मग शेजारच्या मळ्यावरच्या माणसाला फोन करून बोलावलं. तो आला आणि एकेक पिंप हुंगत निघाला. सिस्टर त्याच्या मागोमाग चालत होत्या, डॉक्टरांच्या राउंडला चालाव्यात तशा. सहावं पिंप खराब निघालं. लाल वाईन, आंबून व्हिनेगर झालेली. कधीतरी जुलैमध्ये कळलं असतं तर काही करता आलं असतं, असं तो शेजारी म्हणाला. तिन्ही महिन्यांच्या खडूच्या खुणा पिंपावर ओळीने होत्या.

मालकाने पिंप आडवं केलं आणि बूच काढलं. सगळी वाईन गटाराकडे वाहत गेली. शेडभर इतका आंबट भपका सुटला की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या प्रवाहाच्या कडेला सिस्टर उभ्या होत्या आणि त्यांना कसलाच वास येत नव्हता. मग त्यांनी झाडू घेतला. मालक म्हणाला, "राहू दे." त्या थांबल्या नाहीत. माझे पाहुणे बसपाशी खोळंबले होते, म्हणून मी निघालो. वळून पाहिलं तेव्हा त्या फरशी घासत होत्या.

पुढच्या शनिवारी काउंटरवर मालक स्वतः होता. त्याने सगळ्यांना ग्लास भरून दिले आणि "ही पांढरी, ही लाल," एवढं सांगितलं. पाहुणे वीस मिनिटांत बसमध्ये येऊन बसले. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. तेव्हा तो माझ्या खिडकीशी आला.

"ती कुठे आहे?"

"घरी असेल."

"मला राग आला होता," तो म्हणाला. "अजून आहे. पण माझ्या वडिलांनी एका वर्षी सगळीच्या सगळी पिंपं घालवली होती, तरी आईने त्यांना घरात घेतलं. तिला सांग, शेडची किल्ली शेजाऱ्याकडे दिली आहे, पिंपं तो बघेल. काउंटर रिकामा आहे."

मी तसाच्या तसा निरोप दिला. सिस्टरांनी तो दोनदा ऐकला. "राग आहे म्हणाला ना?" त्यांनी खात्री करून घेतली. आहे म्हटल्यावर त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

त्या परत आल्या. पहिल्याच गटासमोर डबा मांडून त्यांनी सांगून टाकलं, "मला वास येत नाही. आजारपणात गेला. तेव्हा आज तुम्ही मला सांगायचं." लोक आधी अवघडले. मग एका वयस्क जपानी बाईंनी ग्लास हुंगला आणि हळूच म्हणाल्या, "माझ्या वडिलांच्या दुकानातली नवी चटई." सिस्टरांनी विचारलं, चटई कसल्या गवताची? दुकान कुठे होतं? चटया दाराशी असायच्या की आत? बाई बोलत राहिल्या. वीस मिनिटं आम्ही सगळे त्या दुकानात होतो. शेवटी त्या बाई रडल्या आणि कुणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

पुढे दोनेक वर्षं असंच चाललं. लोक ग्लासमध्ये नाक घालून आजोबांचा गोठा, शाळेतलं कपाट, पहिल्या प्रियकराचा कोट असं काय काय काढायचे, आणि सिस्टर पेशंटची हकीकत लिहून घ्यावी तशा ऐकायच्या. त्यांना स्वतःला परत वास यायला लागला का, हे मी एकदाच विचारलं. "थोडा. चुकीचा येतो. कॉफीला रॉकेलचा," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

नंतर मालकाने जमीन विकली. त्या भागात घरं वाढत होती आणि त्याला मूल नव्हतं. मी एव्हाना परीक्षा पास होऊन पापाटोएटोच्या एका फार्मसीत लागलो होतो. सिस्टरांनी मिरजेला धाकट्या बहिणीकडे परतायचं ठरवलं. मुलाने खूप आग्रह केला, पण त्यांनी तिकीट आधीच काढलं होतं.

त्या निघाल्या त्या दिवशी मला सुट्टी मिळाली नाही. दुपारी दुकानात रांग होती. एका म्हाताऱ्या सामोअन गृहस्थांना मी गोळ्या समजावत होतो, सकाळची कुठली, रात्रीची कुठली. मान वर केली तर बाहेर टॅक्सी उभी होती आणि काचेपलीकडे सिस्टर. राखाडी कोट, खांद्याला पर्स. विमानतळाच्या वाटेवर त्यांनी गाडी वळवून आणली असावी.

मी काउंटर सोडून निघालो. त्यांनी काचेतूनच बोट हलवून मला थांबवलं आणि गृहस्थांकडे दाखवलं. आधी ते. मी परत गोळ्यांकडे वळलो. गृहस्थांना ऐकू कमी यायचं, सगळं दोनदा सांगावं लागलं. लेबलं लावली, पिशवी दिली, त्यांना दारापर्यंत सोडलं. तोवर त्या तिथेच उभ्या होत्या. माझ्या हातांकडे बघत.

दार उघडून मी बाहेर पाऊल टाकलं. त्यांनी एकदा मान डोलावली, टॅक्सीत बसल्या आणि दार लावून घेतलं.