चौथ्या सिलिंडरची रिंग

माझे भाऊजी, म्हणजे बहिणीचे यजमान, पिस्टनच्या रिंगा निवडायचे. आयुष्यभर हेच केलं. हे सांगितलं की लोक विचारतात, "बरं, आणि काम काय करतात?" मला या प्रश्नाची भयंकर चीड येते. रिंग म्हणजे पिस्टनच्या अंगावरची बांगडीच, फक्त एका जागी कापलेली. इंजिन तापलं की ती फुगते आणि कापलेली फट मिटायला लागते. फट जास्त ठेवली तर वायू निसटतो, गाडीचा जोर जातो. कमी ठेवली तर दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात, रिंगेला फुगायला जागा उरत नाही, ती सिलिंडर खरवडते आणि स्वतःही मोडते. कोणत्या इंजिनाला कोणती रिंग आणि तिला किती फट, हे ठरवणारा माणूस म्हणजे आमचे भाऊजी.

वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे 'केसभर' म्हणत. "अजून केसभर घास," हे त्यांचं पालुपद. डोक्यावर औषधालाही केस नाही आणि नाव केसभर, ही थट्टा मीच सुरू केलेली. मी त्याच वर्कशॉपमध्ये सिलिंडर घासायला होतो, त्यांच्या शेजारच्या टेबलावर.

आमच्याकडे ड्रॅग रेसची इंजिनं यायची. सरळ रस्ता, दोन गाड्या, नऊ-दहा सेकंदांत खेळ खलास. गिऱ्हाईक यायचं ते कॅटलॉग घेऊन, "सगळ्यात भारी रिंग घाला." भाऊजी म्हणायचे, "भारी हवी तर बायकोच्या बोटात घाला. इंजिनाला सोसेल ती मी सांगतो." मग त्यांचे प्रश्न सुरू. टर्बोचं प्रेशर किती? इंधन कोणतं? किती फेऱ्यांनी इंजिन उघडणार? सगळं ऐकून ते पोलादाची पातळ रिंग तरी काढायचे, नाहीतर जाड, जरा मऊ. कोणी हुज्जत घातली तर तोंडात घास असल्यासारखे गप्प बसायचे. गिऱ्हाईक थकून हो म्हणायचं.

त्यांची एकुलती एक मुलगी वर्कशॉपच्या मालकाची गाडी रेसमध्ये पळवायची. मालकाने तिला सीट दिली ती नाइलाजाने, कारण चाचणीत तिच्याइतकं वेगात सुटणारं दुसरं कोणी सापडलं नाही. पुढच्या वर्षी नवी गाडी येणार होती. ती तिला द्यायची की नाही, हे या मोसमाच्या शेवटच्या रेसवर ठरणार होतं. एरवी तासाभरात होणारी निवड भाऊजींनी त्या इंजिनासाठी तीन दिवस घोळवली. मालकाने टर्बोचं प्रेशर, म्हणजे इंजिनात हवा कोंबायचा जोर, वाढवायला सांगितलं होतं, म्हणजे उष्णता जास्त. म्हणून त्यांनी फट वाढवली. गेजचं अठ्ठावीस नंबरचं पातं बसेल इतकी ठेवायची ठरली.

आता डोळ्यांचं सांगतो. गेज म्हणजे पोलादाच्या पात्यांची जुडी, प्रत्येक पात्यावर बारीक कोरलेला आकडा. वर्षभर मी पाहत होतो, भाऊजी पातं हात लांब करून धरत, उजेडाकडे तिरपं करत, मग पुन्हा जवळ आणत. ड्रॉवरमध्ये माझ्या बहिणीचा जुना चष्मा लपवलेला असायचा. पोरीच्या इंजिनाचं काम होतं त्या दिवशी तीन सिलिंडरच्या रिंगा सकाळी खिडकीच्या उजेडात झाल्या. चौथीला जेवणानंतर हात लागला. तेव्हा शेजारी वेल्डिंग चालू होतं म्हणून मधला पडदा ओढलेला, टेबलावर उजेड कमी. ते पातं दोनदा तिरपं करताना पाहून मी म्हटलं, "भाऊजी, आकडा वाचून देऊ का?"

"माझे डोळे अजून जागेवर आहेत. तू तुझं घास."

मी माझं घासलं.

रेसच्या दुपारी पोरगी सुटली ती बाणासारखी. अर्ध्याहून जास्त अंतर गेली आणि आवाज फाटला. पाठोपाठ धूर. तिने पॅडलवरचा पाय काढला, पण डोळ्याचं पातं लवायला लागतं तेवढा उशीर झाला. इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला. तिला खरचटलंही नाही. मालक सगळ्यांसमोर म्हणाला, "कान असलेल्या ड्रायव्हरने आधीच पाय काढला असता." तिने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी इंजिन भाऊजींनीच उघडलं. चौथ्या पिस्टनच्या रिंगेचे पाच तुकडे झाले होते. त्यातली फटीकडची दोन टोकं त्यांनी शोधून काढली आणि तळहातावर धरली. दोन्ही आरशासारखी चमकत होती. टोकं एकमेकांना घासल्याशिवाय अशी चमकत नाहीत. भाऊजी मटकन स्टुलावर बसले. "आठ नव्हता रे," ते म्हणाले, "तीन होता." तेवीसचं पातं त्यांनी अठ्ठावीसचं समजून घातलं होतं.

ते तसेच उठले आणि मालकासमोर जाऊन म्हणाले, "चूक माझी आहे. मला आकडे दिसत नाहीत. पोरीचा काही दोष नाही."

मालकाने उरलेल्या तीन रिंगा सिलिंडरमध्ये बसवून फट मोजायला लावली. तिन्ही अठ्ठावीस, तंतोतंत. चौथीचे तुकडे जोडून काही मोजता येईना. मालक हसला. "तीन बरोबर आणि एकच चूक? तीही तुमच्या हातून? केसभर, मलाही मुलगी आहे. कळतं मला." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू शेजारीच असतोस. यांना दिसत नाही का रे?"

भाऊजी माझ्याकडे पाहत होते. त्यांची नजर 'सांग' म्हणत होती. मला मात्र डोळ्यांसमोर माझी बहीण दिसली. रिंगा हातातून गेल्या की हा माणूस घरात बसून महिन्याभरात खंगेल, हे दिसलं. मी म्हणालो, "दिसतं की. माझ्यापेक्षा चांगलं दिसतं."

आता वाटतं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं. मालकाने नवी गाडी दुसऱ्याला दिली आणि त्या गाडीच्या रिंगा निवडायचं काम भाऊजींना.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा भाऊजी गेज घेऊन पोरीसमोर बसले होते. "धर कुठलंही पातं. वाचायला सांग मला." तिने एक धरलं. "सोळा," ते म्हणाले. होतं एकोणीस. दुसरं धरलं, तेही चुकलं. तिसरं तर त्यांनी उलटंच वाचलं. तिने गेज त्यांच्या हातातून काढून घेतला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, पुरे. इतकं नाटक तुम्हाला जमतं हे मला माहीतच नव्हतं. मी आवाज ऐकला होता आणि तरी पाय ठेवला. चूक माझीच. मी पुन्हा गाडीत बसणार नाही, आणि त्यासाठी तुम्ही आपलं नाव घालवू नका."

"अगं, खरंच दिसत नाही मला!" भाऊजी ओरडले. माझी बहीण दारात उभी राहून रडत होती.

पोरगी माझ्याकडे वळली. "मालकांसमोर काय झालं ते कळलं मला. मामा, या घरात तुम्ही एकटेच खरं बोललात."

भाऊजी समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोरीकडे वळून 'हो' म्हणून मान डोलावली.