नऊशे त्र्याहत्तर नंबरचं पिस्तूल

रूथबाई पेणकरांनी दाजींना पहिल्यांदा पाहिलं ते रोह्याच्या पोस्टात, आपल्या काउंटरच्या पलीकडे. रजिस्टर करायला आणलेल्या पाकिटावर पत्ता होता, 'इतिहासाचे जाणकार, मुंबई'.

"आजोबा, जाणकाराला काही नाव?"

"जो जानकार आसंल त्याला पोचंल."

बाईंनी कपाळावर हात मारला. पुढची बारा वर्षं त्या तो मारतच राहिल्या.

दाजी निडी गावचे, भात आणि वाल पिकवणारे. घरात एक चकमकीचं पिस्तूल होतं. ते आंगऱ्यांच्या आरमारातलं, आपल्या खापरपणजोबाला बक्षीस मिळालेलं, असं ते भेटेल त्याला सांगत. पुरावा म्हणजे नळीवरच्या लंबगोल शिक्क्यातला आकडा, नऊशे त्र्याहत्तर. आंगऱ्यांच्या हत्यारांचा नंबर.

"पण आकडे इंग्रजी कसे हो?"

"आंगऱ्यांकडं टोपीकर गोलंदाज व्हते, बाई. त्यांनी टाकला."

शंका विचारावी आणि पस्तावावं. बाई रिटायर झाल्या तरी सुटका नाही. दाजी पिस्तुलाबद्दलचे अर्ज लिहून घ्यायला घरी येऊ लागले.

यंदा रोह्यात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठरलं. दाजींनी सगळ्या निडीला आमंत्रण दिलं, टेम्पो ठरवला आणि पिस्तूल फडक्यात गुंडाळून बाईंकडे फॉर्म भरायला आले. ते प्रत्यक्ष पाहायची बाईंची ही पहिलीच वेळ. दाजींनी ते टेबलावर आपल्यासमोर नीट सुलट ठेवलं. समोर बसलेल्या बाईंना अर्थातच ते उलटं दिसलं, पण शिक्का मात्र सुलट.

"दाजी, हा आकडा नाही. ही इंग्रजी अक्षरं आहेत. ई, एल, जी. चार पिढ्या उलटं वाचताय तुम्ही!"

"तुमीच उलट्या बाजूला बसल्याव."

"मग या इकडे!"

दाजी जागचे हलले नाहीत.

बाईंनी फोटो प्रदर्शनवाल्या सुरभी मॅडमना पाठवला. तासाभरात उत्तर आलं. ती बेल्जियममधल्या लिएज शहराची, बंदुकांच्या तपासणीची मोहर. आंगऱ्यांच्या आरमाराचे चांगले दिवस सरल्यावर कितीतरी वर्षांनी सुरू झालेली.

"म्हंजे आंगरे नाय."

"नाही, दाजी."

"गाव हसंल."

त्यांचा चेहरा बघून बाई विरघळल्या. "मी नुसतं 'जुनं पिस्तूल' लिहिते. कुणाला कळायचं नाही."

बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दाजींची बाजू घेतली, तर दाजीच उखडले. "खोटं का म्हून ल्ह्यायचं? ल्ह्या, बेल्जम."

"बेल्जियम."

"त्येच म्हंतो मी, बेल्जम!"

बाईंनी पेन आपटलं आणि लिहिलं.

प्रदर्शनाचे तिन्ही दिवस दाजी काचेपाशी उभे होते. टेम्पोभर निडीकरांना, आणि ज्यांनी काही विचारलंही नव्हतं त्यांनाही, ते मान वाकडी करून शिक्का कुठून वाचायचा ते दाखवत होते.

निडीत आता त्यांना बेल्जमदाजी म्हणतात. ते ओ देतात.